९.८ आणि ९.९ची नाळ जुळत नाही: कोणत्या आउटबोर्डचा पार्ट कोणाला चालतो

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून लावायचं इंजिन. तोहात्सू या जपानी कंपनीच्या टू-स्ट्रोकमध्ये ९.८ आणि ९.९ हॉर्सपॉवरची अशी दोन इंजिनं आहेत. फरक ०.१ हॉर्सपॉवरचा. पण ९.८ हे १६९ सीसीचं, वजन २६ किलो, ९.९ हे २४७ सीसीचं, वजन ४१ किलो. एकाचा पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट दुसऱ्याच्या काही कामाचे नाहीत. उलट ९.९ आणि १५ मध्ये पाच हॉर्सपॉवरचं अंतर, आणि आत बघावं तर दोघांचा बोर (सिलिंडरचा व्यास) ५५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५२ मिमी. अमेरिकेत कितीतरी तळ्यांवर १० हॉर्सपॉवरची मर्यादा असते. तिच्याखाली बसावं म्हणून मोठ्याच इंजिनाचा श्वास आवळून ९.९ काढलं जातं.

महेश्वरला किंवा हनुवंतियाला बोट टाकायचा बेत असलेल्या इंदूरकराला ही भानगड आधी कळलेली बरी. आउटबोर्डचं सामान आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि ऐन सुट्ट्यांत एका गॅस्केटपायी बोट घाटाला बांधून ठेवणं परवडत नाही. (मोटार चालवायला परवानगी आहे का, ते इंजिन घेण्याआधी लेखी विचारून घ्या. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. तिथे मोटारीचा विषयच काढू नका.)

दोन बोटींसाठी दोन इंजिनं घ्यायची असतील तर टू-स्ट्रोकमध्ये ९.९ आणि १५ ही जोडी सगळ्यात सोयीची. यामाहाच्या ९.९एफ आणि १५एफचं उदाहरण घ्या: दोन्ही २४६ सीसी, बोर ५६, स्ट्रोक ५०, वजन ३६ किलोच्या आसपास. रिंगा, प्लग, इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक), गिअरकेसची सीलं अशा सुट्या सामानाची पेटी दोघांत मिळून एकच पुरते. फरक मुख्यतः हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटेवर असतो, म्हणजे कार्ब्युरेटर, त्याचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) आणि रीडची, म्हणजे मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेची पाती किती उघडायची ते ठरवणारे स्टॉपर.

इथेच मेकॅनिक सुचवतो, “९.९ घ्या, कार्ब बदलून १५ करून देतो.” नुसता कार्ब बदलला आणि रीडचे स्टॉपर तसेच राहिले, तर ताकद पुरती वाढत नाही. जेट बारीक पडला तर मिश्रण पातळ होतं, प्लगचं टोक पांढरं पडतं आणि फुल थ्रॉटलवर पिस्टन जाम होतो. शिवाय कागदावर ९.९च राहतं, ते विम्याच्या वेळी नडतं. १५ हवं असेल तर १५च घ्यावं. अर्ध्या थ्रॉटलवर ते ९.९चंही काम करतं.

१५च्या वर मात्र भिंत येते. तोहात्सूचं १८ हे २९४ सीसी: स्ट्रोक तोच ५२, पण बोर ६०. पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं वेगळं.

फोर-स्ट्रोकमध्ये ही भिंत एक पायरी खाली सरकते. यामाहाचं एफ९.९ हे २१२ सीसी, तर एफ१५ आणि एफ२० दोन्ही ३६२. होंडाचंही तसंच: ८ आणि ९.९ हे २२२ सीसी, १५ आणि २० हे ३५०. म्हणजे टू-स्ट्रोकची सवय धरून ९.९ आणि १५ ची जोडी घेतलीत तर दोन पेट्या सांभाळाव्या लागतील. अपवाद तोहात्सूच्या इंजेक्शनवाल्यांचा. तिथे ९.९, १५ आणि २० तिन्ही ३३३ सीसीचे.

पंखा (प्रोपेलर) बसला म्हणजे चालला, असंही नाही. यामाहा एफ१५ फुल थ्रॉटलवर ४५०० ते ५५०० आरपीएमसाठी, एफ२० हे ५००० ते ६००० साठी. जास्तीची ताकद फिरण्यातून येते. त्यामुळे पंखा अदलाबदल केला की भरलेल्या बोटीत टॅकोमीटर लावून बघा. आरपीएम कमी पडत असेल तर पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकायचा ते अंतर) एका इंचाने कमी असलेला पंखा लावा. साधारण २०० आरपीएम वाढतात.

विक्रेत्याच्या “हो हो, लागतो”वर न जाता नंबर वाचा. यामाहाच्या ६३व्ही-४४३५२-०१ मध्ये पहिली तीन अक्षरं म्हणजे तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते, मधले पाच आकडे म्हणजे पार्ट कोणता ते (४४३५२ म्हणजे इम्पेलर, १४३०१ म्हणजे कार्ब्युरेटर), शेवटचे दोन सुधारणेचे. दोन्ही इंजिनांच्या पार्ट-याद्या शेजारी ठेवून जिथे नंबर जुळेल तेवढंच सामाईक धरा. ९ ने सुरू होणारे नंबर सीलं, बेअरिंगं, वॉशर अशा सर्वसाधारण सामानाचे. यातलं बेअरिंग इंदूरच्या सियागंज बाजारात मापाने शोधता येईल. प्रोपेलर शाफ्टच्या सीलाला मात्र हात आखडू नका: साध्या सीलाची स्प्रिंग गंजते, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. ऑइल काढायच्या स्क्रूखालचं वॉशरही दर वेळी नवं घाला.

इम्पेलर मोजून दोन ठेवा. पावसाळ्यानंतर नर्मदेच्या गाळाने तो लवकर झिजतो. वर्षाला किंवा १०० तासांनी बदलाच. एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तुकडा सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका, तो थर्मोस्टॅटपाशी जाऊन अडकतो.

एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक अशी खिचडी तर नकोच. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ५०:१ प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिली तेल लागतं. गर्दीच्या दिवशी पोऱ्याने साध्या पेट्रोलचा कॅन टू-स्ट्रोकच्या टाकीत ओतला की काही मिनिटांत इंजिन बसतं.

पैसे देण्याआधी शाफ्टची लांबी तपासा. एकाच मॉडेलचं १५ इंची आणि २० इंची इंजिन शेजारी ठेवलं तर ड्राइव्ह शाफ्ट एकमेकांना लागत नाही.