प्लॅनेरियाचा काचेचा सापळा : औषधाआधी घ्यावी अशी वस्तू

माशांच्या टाकीच्या काचेवर पांढरे कृमी दिसू लागले की बहुतेक जण थेट औषध मागतात आणि दुकानदारही ते लगेच काढून देतात. त्याऐवजी कुर्ल्याच्या अ‍ॅक्वेरियम बाजारात मिळणारा काचेचा सापळा आधी वापरावा, असे माझे ठाम मत आहे. तो विकला जातो प्लॅनेरिया हा चपटा, उपद्रवी कृमी संपवण्यासाठी, पण त्याचा मोठा उपयोग कृमी कोणता आहे हे ओळखण्यासाठी होतो.

बोटाएवढी काचेची नळी, तिच्या बाजूंना आत निमुळत्या होत गेलेल्या तोट्या आणि टोकाला बूच, एवढीच ही वस्तू. वासाच्या मागावर कृमी आत शिरतो. मात्र तोटीचे आतले तोंड नळीच्या मधोमध अधांतरी असल्यामुळे, काचेवरून सरपटत फिरणाऱ्या त्या जीवाला परतीची वाट सहसा सापडत नाही. आमिष म्हणून कच्च्या कोंबडीचा हरभऱ्याहून लहान तुकडा पुरतो. घरात कोळंबी आणलेली असली, तरी टाकीत श्रिम्प (शोभेच्या छोट्या कोळंब्या) पाळले असतील तर तिचा तुकडा घालू नये, कारण तिच्यातून त्यांना रोग जाऊ शकतो. प्लॅनेरिया उजेड टाळतो, म्हणून दिवा मालवल्यावर सापळा तळाशी आडवा ठेवावा आणि मांस सडण्याआधी, सकाळी लवकर बाहेर काढावा.

नळी उजेडात धरली की उलगडा होतो. डोके त्रिकोणी, त्यावर तिरळे वाटणारे दोन काळे डोळे आणि अजिबात न वळवळता संथ घसरत जाणारे चपटे शरीर दिसले, तर तो प्लॅनेरियाच. श्रिम्पची पिल्ले आणि माशांची अंडी त्याच्यापासून सुरक्षित नसतात. केसासारखे बारीक, पाण्यात वळवळणारे कृमी गांडुळाच्या कुळातले असून ते गाळावर जगतात, आणि ठिपक्याएवढे, बिनत्रिकोणी डोक्याचे रॅब्डोसीला नावाचे चपटे कृमीदेखील सहसा निरुपद्रवी असतात. या दोन्हींसाठी औषध लागत नाही. खाद्य कमी करून तळातला गाळ सायफनने काढणे पुरेसे ठरते.

नुसत्या सापळ्याने प्लॅनेरियाचा नायनाट होईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. संख्या स्पष्ट घटते, परंतु खडीत दडलेले कृमी आणि त्यांच्या अंड्यांचे कोश मागे उरतात. शेवटी कुत्र्यांच्या जंतांवरचे फेनबेंडाझोल किंवा सुपारीच्या अर्काची पावडर वापरावी लागते. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीनने प्लॅनेरिया लुळा पडतो, ही आपल्या कोकणच्या पिकाची मला फार विलक्षण वाटणारी बाजू आहे. दोन्ही औषधे गोगलगायींना, विशेषतः नेराइट जातीला, घातक ठरू शकतात, म्हणून त्या आधीच दुसऱ्या टाकीत हलवाव्यात. औषधापूर्वी काही रात्री सापळा लावल्याने टाकीत मरून सडणाऱ्या कृमींचे प्रमाण घटते आणि पाणी कमी बिघडते, हाही मोठा फायदा आहे.

त्रुटी दोन. श्रिम्पची अगदी लहान पिल्ले तोटीतून आत अडकू शकतात, त्यामुळे सापळा दिवसभर पाण्यात विसरू नये. शिवाय तोट्या नाजूक असतात. विकत घेताना प्रत्येक तोटीची कड उजेडात तपासावी आणि बूच घट्ट बसते का, हे तिथेच लावून पाहावे. पकडलेले कृमी चिरडू नयेत, कारण तुटलेल्या तुकड्यातून नवा प्लॅनेरिया तयार होतो. कडक मिठाच्या पाण्यात ते मारावेत आणि नळी नीट धुऊनच पुन्हा टाकीत सोडावी.