व्यालेल्या गाईंची घरपोच तपासणी : वर्षभराचा अनुभव

पलूस तालुक्यातील आमच्या गोठ्यात पाच संकरित गाई आहेत आणि गेल्या वर्षभरापासून आम्ही जवळच्या एका खासगी पशुवैद्यक मॅडमची घरपोच सेवा घेत आहोत. गाय उलटू लागल्यावर, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नसल्यावर, धावपळ करण्यापेक्षा, ती व्यायल्या दिवसापासूनच तिच्या पिशवीकडे (गर्भाशयाकडे) लक्ष द्यायचे, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते.

गेल्या आषाढात आमची तिसऱ्या वेताची गाय पहाटे व्यायली, परंतु दिवस मावळला तरी वार (गर्भाचे आवरण) पडली नाही. ती सहसा 8 ते 12 तासांत पडते. सासूबाईंनी जुन्या रिवाजाप्रमाणे लोंबणाऱ्या वारेला बांधण्यासाठी वीटही काढून ठेवली होती. मॅडमनी ती बाजूला ठेवायला लावली आणि समजावले, "आजी, वार अजून आतून सुटलेली नाही. ओढली तर पिशवीला इजा होईल आणि जंतू आत शिरतील." आधी त्यांनी गाईचे कान हाताने चाचपून पाहिले, कारण व्यायल्यानंतर कॅल्शियम कमी पडले की कान गार लागतात आणि पिशवीही नीट आकसत नाही. मग दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला त्यांनी मला शिकवले.

चौथ्या दिवशी ताप 104 अंश फॅरनहाइटवर गेला, गाईने वैरण टाकली आणि तांबूस, पातळ, घाण वासाचा स्राव येऊ लागला. तीन दिवस प्रतिजैविकाची इंजेक्शने झाली. दूध डेअरीला कधीपर्यंत घालायचे नाही, ती तारीख मॅडमनी गोठ्याच्या भिंतीवरील कार्डावर स्वतः लिहिली. पूर्वी दुसऱ्या एका माणसाने हात घालून वार काढलेली आमची गाय पाच वेळा रेतन करूनही गाभण राहिली नाही आणि शेवटी विकावी लागली, ते दुःख मी विसरलेले नाही.

पस्तिसाव्या दिवशीची तपासणी मला सर्वांत उपयोगी वाटते. पिशवी पूर्ववत व्हायला साधारण 40 ते 45 दिवस लागतात. बाहेरून गाय ठणठणीत दिसत असूनही आत थोडा पू शिल्लक असल्याचे याच तपासणीत कळले. उपचारानंतरच्या माजाला काचेसारखा स्वच्छ सोट (माजाचा चिकट स्राव) आला, 60 दिवस उलटल्यावर रेतन केले आणि दुसऱ्या रेतनाला गाय गाभण राहिली.

उणिवाही आहेत. रात्री फोन लागत नाही, त्यामुळे अडलेल्या गाईसाठी शासनाचा 1962 हा क्रमांक जवळ ठेवावाच लागतो. बिलात औषधे आणि भेटीचे शुल्क वेगळे दाखवत नाहीत. शिवाय भाकड काळातील (व्यायण्याआधी दूध बंद असतानाचा) खुराक आणि खनिज मिश्रण यांविषयी सल्ला आम्ही विचारला तेव्हाच मिळाला; वार अडकू नये म्हणून तो गाय आटवतानाच मिळायला हवा होता.