पार्टिकल बोर्ड घेताना वजनावर जाऊ नका, मी तसाच फसलो

पुस्तकांच्या कपाटासाठी 18 मिमी पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंद घालून दाबून केलेली फळी) घेतला, विकणारा म्हणाला आरपार 700 ची डेन्सिटी आहे, म्हणजे घनमीटरला 700 किलो. समोर वजन करून दाखवलं, वरून नख दाबून दाखवलं, कापलेला सॅम्पल हातात दिला तो आतूनही घट्ट होता. माल मात्र चारही बाजूंनी एज बँड (कड झाकणारी पातळ पट्टी) चिकटवून आला, तेव्हा वाटलं किती व्यवस्थित काम, आता कळतंय की आतला भाग दिसू नये म्हणूनच ते.

चार महिन्यांत फळी एका बाजूने खाली आली. स्क्रू नुसत्या बोटांनी निघाला आणि आट्यांमध्ये पिवळा भुसा भरलेला. एज बँड सोलला तर मधे जाडे तुकडे, त्यांच्यामध्ये पोकळ्या, नखाने उकरलं तरी सुटत होते.

मग उरलेल्या तुकड्यातून 10 बाय 10 सेंमी कापला, वजन 122 ग्रॅम, म्हणजे साधारण 680, बोलल्याच्या जवळपासच. पण दोन्ही बाजूंनी 3-3 मिमी घासून काढल्यावर मधला 12 मिमी भरला फक्त 62 ग्रॅम, म्हणजे 517! जवळपास निम्मं वजन त्या वरच्या-खालच्या पातळ थरांतच होतं.

आता वरचे थर जास्त घट्ट असणं ही फसवणूक नाही हे पण सांगतो, बोर्ड तसाच बनतो, वर बारीक चुरा, मधे जाडा, आणि गरम प्रेसमध्ये वरचे थर आधी तापून मऊ होतात आणि जास्त दाबले जातात. फळी वाकू नये यासाठी ते चांगलंच, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या थरावरच येतो. पण कडेतून मारलेला स्क्रू बसतो मधल्या थरात आणि बोर्ड मधून फाटतो तोही तिथेच, मला राग आहे तो आरपार सारखी म्हणून खोटं सांगितल्याचा आणि सॅम्पल वेगळा दाखवल्याचा.

विचारायला गेलो तर म्हणे तुम्ही लोड जास्त टाकला.

तुम्ही घेणार असाल तर एज बँड लावायच्या आधी आलेल्या मालातलाच तुकडा कापून घ्या, कडेत स्क्रू मारा आणि पक्कडीने ओढून बघा, सॅम्पलवर नाही, आलेल्या मालावर.