मोहाचे लाडू, एक सूप आणि ग्रामसभेची पावती

गेल्या आठवड्यात साताऱ्यात जिल्हा परिषद मैदानावरच्या प्रदर्शनाला गेलो, ते सौ.ला घोंगडी बघायची होती म्हणून. घोंगडी राहिली बाजूला. पिशवीतून घरी आलं एक बांबूचं सूप, थोडी चारोळी आणि मोहफुलाच्या लाडवांचा डबा. गाळा गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका ग्रामसभेचा. दोन बाया आणि एक पोरगा. आपसात गोंडी, आमच्याशी मराठी. "काकाजी, चाखून तर बघा," म्हणत बाईने लाडू हातावर ठेवला. साताऱ्यात आपल्याला काकाजी कोण म्हणतंय!

मोह म्हटलं की आपल्याकडे लोक डोळा मिचकावतात, दारूपलीकडे काही सुचत नाही. लाडू मात्र काळपट, चिकट, मनुका आणि खारीक यांच्या मधल्या चवीचा, वर तीळ-शेंगदाणा. गूळ नाही, फुलाचीच गोडी, असं बाई म्हणाली. एक खाल्ला तर सुरेख, दुसऱ्याला घशाशी येतं. डब्यावर केल्याची तारीख नाही, ही चूक. झाकण तर घरी येईस्तोवर चिरलं. चारोळी महाग, पण खवट दाणा एकही नाही.

सुपाबद्दल सौ.चं मत जास्त खरं. घरी आल्या आल्या तिने तांदूळ पाखडून बघितले. विण घट्ट, कणी खाली सांडत नाही, कडेवरून बोट फिरवलं तरी टोचत नाही. आपल्या बुरूड आळीच्या सुपापेक्षा जरा जड, मनगट भरून येतं, एवढीच तक्रार.

मला मात्र पावती आवडली. हसू नका. माझी नोकरी कारकुनीत गेली आणि टेबलावर कायम जंगलमालाच्या वाहतूक परवान्यांची पुस्तकं. बांबू परवान्याशिवाय नाक्यावरून हलायचा नाही. 1927च्या वन कायद्यात 2017पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं, मग वनस्पतिशास्त्रवाले गवत गवत म्हणून कितीही ओरडोत. 2006च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या मालात घातला, मालकी हक्क जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा मानला, तरी परवान्याचं पुस्तक काही कचेरीच्या हातून सुटेना. याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचं परवाना पुस्तक हाती पडायला 2011 उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची. आमच्या कचेरीत तेव्हा चहाला हाच विषय होता: परवाना गावाने फाडायचा, तर मग आपण काय फाडायचं?

तर पोराने पावती फाडली. वर ग्रामसभेचं नाव, खाली गोल शिक्का, कार्बन नीट उमटलेला. जुन्या खोडीने मी ती उजेडात धरून बघितली. पोरगा घाबरला, "काही चुकलं का काकाजी?" म्हणाला. काही चुकलं नव्हतं. मोबाइलवरून दिलेले पैसेही ग्रामसभेच्याच खात्यावर गेले.

एकूण पाचपैकी चार, एक गुण झाकणाचा आणि तारखेचा कापला. प्रदर्शन असेपर्यंत जाऊन या, सुपं आधी संपतात.

जाता जाता एक. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा साताऱ्याला लागू नाही, जिल्ह्यात तसं क्षेत्रच नाही. वनहक्क कायद्याला मात्र ती अट नाही, तो इथेही आहे, आणि त्यातल्या गौण वनोपजात मध येतो. आमच्या दारावर जावळीकडची एक कातकरी बाई वर्षानुवर्षं मध घेऊन येते. मध पहिल्या प्रतीचा, गाळ्यावरच्यापेक्षा कांकणभर सरसच. पण बाटली अजून पदराखालून निघते आणि पैसे घेताना ती आधी रस्त्याकडे बघते. परवा तिला ही पावती दाखवली. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "ह्ये कुठं मिळतं?"