बाल न्याय सेवेतल्या न्यायालय समन्वयक: एका आईचा अनुभव

माझा मुलगा १५ वर्षांचा. चोरीच्या प्रकरणात त्याचं नाव आलं, आणि पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. सकाळी न्यायालयाच्या दारातच समन्वयक ताई भेटल्या. आधी त्याला विचारलं, मला नंतर: "कागदात काय लिहिलंय ते कळलं का?" नव्हतं कळलं. मग बाकावर बसून कोण कुठे बसेल, कोण काय विचारेल, हे त्यांनी त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं.

खरं काम मात्र आपल्याला दिसत नाही. शाळा, वकील, समाजसेवक यांच्या मागे लागून सामाजिक तपास अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची-शाळेची परिस्थिती सांगणारा कागद, निकालाआधी न्यायाधीशांपुढे पोहोचवायचा. बाल न्यायासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८५च्या बीजिंग नियमांतही असा अहवाल सांगितलाय, हे ताईंकडूनच कळलं. वडिलांचं आजारपण, सुटलेली शाळा, हे एरवी कुणी विचारलं असतं?

तक्रार एकच. एकदा अहवाल उशिरा आला, पुढची तारीख पडली आणि मुलाने तीन आठवडे धास्तीत काढले. ताईंनी स्वतः फोन करून कारण सांगितलं. पण इतक्या मुलांमागे एकच माणूस, हे बरोबर नाही.

मुलाचं नाव कुठेही बाहेर गेलं नाही. सोमवारपासून तो पुन्हा शाळेत जातोय.