तुर्कमेनिस्तानचा गॅस: समुद्राखालून न्यायचा की इराणमधून?
तुर्कमेनिस्तानकडे गॅस प्रचंड, पण मोठं गिऱ्हाईक एकच, चीन. युरोपकडे वळायचं तर दोन वाटा आहेत.

पहिली म्हणजे कॅस्पियन समुद्राच्या तळावरून अझरबैजानची राजधानी बाकूकडे साधारण 300 किमीची पाइपलाइन, पुढची लाइन तर तुर्कस्तानपर्यंत तयारच आहे. कॅस्पियनकाठच्या पाच देशांच्या 2018 च्या अक्ताऊ करारात स्पष्ट लिहिलंय की ज्यांच्या हद्दीतून पाइप जाणार त्यांचीच संमती पुरे, पण पर्यावरणाचा मुद्दा काढून रशिया आणि इराण खोडा घालू शकतात, त्यात इराणच्या संसदेने तो करार मंजूरच केलेला नाही, मग एवढा पैसा लावणार कोण?

दुसरी वाट इराणशी स्वॅप, म्हणजे तुर्कमेन गॅस इराण उत्तरेत वापरतो आणि तेवढाच आपला गॅस अझरबैजानला देतो. 2022 ला हे सुरूही झालं, समुद्रात पाइप टाकायची गरज पडली नाही. पण करार वर्षाला दीड-दोन अब्ज घनमीटरचाच होता, वर अमेरिकेचे निर्बंध, आणि 2017 ला थकबाकीवरून इराण-तुर्कमेनिस्तानचं इतकं फाटलं की तुर्कमेनिस्तानने इराणचा पुरवठाच तोडला.

मला पाइपलाइनच पटते, स्वॅपमध्ये नळाची चावी इराणकडेच राहते. समुद्रातल्या मधल्या तेलक्षेत्रावरून अझरबैजानशी चाललेला जुना वादही 2021 ला मिटलाय, त्या क्षेत्राला आता ‘दोस्तलुक’ (म्हणजे मैत्री) म्हणतात, तेव्हा तुर्कमेनिस्तान आणि अझरबैजानने रशियाकडे न बघता पुढं जायला हवं.