गेमिंग माऊसपॅड : आधी सेंटिमीटर मोजा, मग कापडाला हात लावा

माऊसपॅडच्या खोक्यावर ‘स्पीड’ किंवा ‘कंट्रोल’ असं ठसठशीत छापलेलं असतं आणि बरेच जण त्या एका शब्दावर पॅड उचलतात. या शब्दांना ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा ‘कंट्रोल’ पॅड दुसऱ्या कंपनीच्या ‘स्पीड’ पॅडपेक्षा सहज सरकणारा निघू शकतो. शिवाय पॅडची चाल एका नव्हे, तीन गोष्टींवर ठरते : वरची वीण, खालचा फोम आणि माऊसच्या पोटाला लावलेले स्केट्स, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या गुळगुळीत पट्ट्या. खोक्यावरचा शब्द फार तर पहिलीबद्दल बोलतो.

सुरुवात आकारापासून करावी, कारण तिथे अंदाज लावायची गरजच नाही. गेममध्ये पूर्ण गिरकी घ्यायला माऊस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, ते काढा. काउंटर-स्ट्राइक २ किंवा एपेक्स लेजेंड्स खेळत असाल, तर माऊसचा डीपीआय (माऊस एक इंच सरकला की तो किती टप्पे मोजतो, तो आकडा) आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (नेम किती पटीने वळावा, ती सेटिंग) यांचा गुणाकार करा आणि ४१,५६४ ला त्या संख्येने भागा. व्हॅलोरंटसाठी भाज्य १३,०६३ घ्या. उत्तर थेट सेंटिमीटरमध्ये येतं. ८०० डीपीआय आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये १.० सेन्सिटिव्हिटी असेल तर ५२ सेंमी. ८०० डीपीआय आणि व्हॅलोरंटमध्ये ०.४ असेल तर साधारण ४१ सेंमी. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद ठेवा. गेम ‘रॉ इनपुट’, म्हणजे विंडोजने न बदललेले माऊसचे आकडे, घेत नसेल आणि हा पर्याय चालू असेल, तर हाताच्या वेगाबरोबर अंतर बदलतं आणि या हिशेबाला अर्थ उरत नाही.

आता या आकड्याचा पाऊण भाग घ्या आणि त्यात माऊसची रुंदी, म्हणजे साडेसहा सेंमी, मिळवा. ही झाली पॅडची किमान रुंदी. पाऊण कशासाठी? माऊस मध्यावर असताना डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी सुमारे १३५ अंश वळता आलं पाहिजे. त्याहून मोठी वळणं क्वचित येतात आणि तेव्हा माऊस उचलून परत ठेवायला वेळही मिळतो. ५२ सेंमीवाल्याला ३९ अधिक साडेसहा, म्हणजे साडेपंचेचाळीस सेंमी लागतात. ४५ ते ४९ सेंमी रुंदीचे ‘लार्ज’ पॅड इतके का चालतात, ते इथे दिसतं. स्टीलसीरिजचा क्यूसीके लार्ज ४५ × ४० सेंमी, लॉजिटेकचा जी ६४० हा ४६ × ४०, झोवीचा जी-एसआर ४८ × ४०, आर्टिझनचा एक्सएल ४९ × ४२. गिरकी ३० सेंमीत होत असेल तर २९ सेंमी पुरतात. मग ३२ × २७ सेंमीचा मध्यम क्यूसीकेही चालतो. इतक्या हिशेबानंतर कोणी मनगटावर खेळणाऱ्याला ‘प्रो लोक मोठाच वापरतात’ म्हणून मोठा पॅड खपवत असेल, तर ऐकू नका.

पॅडच्या खोलीचं, म्हणजे पुढून मागेपर्यंतच्या मापाचं, गणित वेगळं आहे. वर-खाली नेम फार सरकत नाही, त्यामुळे गेमसाठी २५ सेंमीही खूप झाले. खोली लागते ती हाताला. २७ सेंमी खोलीच्या पॅडची पुढची कड नेमकी मनगट आणि कोपर यांच्या मध्ये येते आणि तासाभरात तिथे लाल रेघ उमटते. ४० सेंमी असले की निम्म्याहून जास्त हात पॅडवर राहतो. कोपर उचलून खांद्यातून खेळणाऱ्यांना हा त्रास कमी होतो.

टेबलभर पसरणारे ९० × ४० सेंमीचे पॅड दिसायला देखणे असतात. पण पूर्ण आकाराचा कीबोर्ड ४४ सेंमी रुंद असतो, म्हणजे माऊसला उरतात ४६. नंबरपॅड नसलेला कीबोर्ड ३६ सेंमीचा असतो आणि तो घेतला की जागा लगेच वाढते. एक अडचण मात्र हमखास होते : कीबोर्डच्या वजनाने पॅडचा डावा भाग दाबला जातो, उजवीकडचा मोकळा राहतो, आणि टेबल गुळगुळीत असेल तर जोराच्या फ्लिकला, म्हणजे नेम झटक्यात वळवताना, उजव्या बाजूचं कापड हलकेच सुरकुततं. शिवाय असा पॅड धुवायचा म्हणजे सगळं टेबल रिकामं करावं लागतं. मग तो धुतलाच जात नाही. कमी सेन्सिटिव्हिटीवर गंभीरपणे खेळणाऱ्याने ४५-४९ सेंमीचा सुटा पॅडच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

आता पृष्ठभाग. माऊस हलवताना दोन वेगळे अडथळे जाणवतात. थांबलेला माऊस हलवायला लागणारा पहिला जोर हा एक, आणि हलता माऊस हलता ठेवायला लागणारा जोर हा दुसरा. या दोघांत फरक जितका जास्त, तितका पॅड ‘चिकटतो’ : नेम दोन पिक्सेल सरकवायला जावं, तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम पाच पिक्सेल जातो. पुष्कळ जण याला ‘स्लो पॅड’ म्हणतात. तसं नाही. पॅड जड असूनही चिकटणारा नसेल तर त्यावर बारीक नेम सुंदर लागतो, आणि वेगवान असूनही चिकटणारा असेल तर नकोसा होतो.

हे घरी मोजता येतं. पॅड एका सपाट फळीवर दुपदरी टेपने चिकटवा, त्यावर वायरलेस माऊस ठेवा (वायर असेल तर ती ओढते) आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. माऊस आपोआप घसरायला लागेल तो कोन फोनच्या लेव्हल अ‍ॅपवर पाहा. मग फळी थोडी खाली आणा, माऊसला बोटाने हलकी टिचकी मारा आणि तो संथ, एकसारख्या वेगाने घसरत राहील असा कोन शोधा. पहिला कोन सुरुवातीच्या अडथळ्याचा, दुसरा चालीचा. दोन अंशांचं अंतर सहज चालतं. पाच-सहा अंशांचं असेल, तर बारीक हालचाल अडखळणार. नंतर पॅड ९० अंशांत फिरवून हेच पुन्हा करा. विणलेल्या कापडाचे उभे-आडवे धागे सारखे नसतात, त्यामुळे बऱ्याच पॅडवर आडवी चाल आणि उभी चाल वेगळी येते. माऊसपेक्षा जड काही ठेवून हा प्रयोग करू नका. स्केट्स त्याच माऊसचे हवेत.

या चाचणीत एक गोष्ट निसटते : तळाचा फोम. फळीवर फक्त माऊसचं साठ-सत्तर ग्रॅम वजन असतं. खेळताना त्यावर हाताचा भार येतो आणि चकमकीत तो भार नकळत वाढतो. मऊ फोमवर माऊसच्या कडा किंचित रुततात आणि माऊस थांबतो. कडक तळावर दाबा किंवा सोडा, चाल फारशी बदलत नाही. म्हणून फ्लिक मारून जागेवर थांबायचं असेल तर मऊ तळ मदत करतो, आणि सतत हलणाऱ्या शत्रूवर नेम धरून ठेवायचा असेल तर कडक तळ बरा. जपानच्या आर्टिझनने ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिली आहे : पुष्कळशी कापडं एक्ससॉफ्ट, सॉफ्ट आणि मिड यांपैकी एकाहून जास्त तळांवर मिळतात. झिरो हे त्यांचं बारीक विणीचं, थांबवायला सोपं कापड. हिएन खरखरीत आणि झपकन सुटणारं. रायडेन आणखी वेगवान. पण झिरो मिडवर घेतला आणि झिरो एक्ससॉफ्टवर घेतला, तर हाताला दोन निराळे पॅड वाटतात. नाव वाचून मागवणाऱ्यांची गडबड होते ती इथेच.

साध्या कापडी पॅडमध्ये क्यूसीके आणि जी ६४० हे मधल्या चालीचे, पहिल्यांदा घेणाऱ्याने डोळे झाकून घ्यावेत असे. क्यूसीके हेवी ६ मिमी जाड आहे. टेबलाची फळी उंचसखल असेल, सांधा मध्येच येत असेल, तर ही जाडी उपयोगी. टेबल सपाट असेल तर मात्र कडेची सहा मिलिमीटरची पायरी हाताला टोचते आणि मऊपणाही प्रत्येकाला मानवत नाही. तीन-चार मिमी जाडी बहुतेकांना पुरते. झोवीचा जी-एसआर मुद्दाम जड चालीचा आहे. कोपऱ्यावर नेम धरून शत्रूची वाट पाहण्याचे गेम त्यावर छान होतात, पण एपेक्ससारख्या सतत पाठलागाच्या गेममध्ये हात लवकर थकतो.

कापडाचा खरा शत्रू घाम. पॉलिएस्टरच्या विणीत ओल, त्वचेचं तेल आणि धूळ बसली की चाल जड होते आणि ती फक्त मध्यभागी, जिथे माऊस जास्त असतो. दमट हवेत सकाळचा आणि रात्रीचा पॅडसुद्धा सारखा वाटत नाही. हात कापडाला चिकटून अडतो तो त्रास वेगळा. पॅड दोषी धरण्याआधी पातळ आर्म स्लीव्ह घालून पाहा. कॉर्ड्युरा, म्हणजे घट्ट विणलेल्या नायलॉनचे पॅड दमटपणाला कमी बधतात, पण उघड्या हाताला खरखरतात.

काचेचे पॅड हा पूर्ण वेगळा प्राणी. रेझरचा अ‍ॅटलस ४५ × ४० सेंमी, स्कायपॅड ३.० चा एक्सएल ५० × ४०. सुरुवातीचा अडथळा जवळजवळ नाही, उभी-आडवी चाल सारखी, आणि वर्षानुवर्षं पृष्ठभाग बदलत नाही. किंमत मोजावी लागते ती स्केट्सना. टेफ्लॉनचे नेहमीचे स्केट्स काचेवर भराभर झिजतात, म्हणून काचेसाठीचे कडक प्लास्टिकचे डॉट स्केट्स लावावे लागतात. धुळीचा एक कण खाली आला तरी खर्र आवाज येतो, तेव्हा खेळायला बसण्याआधी मायक्रोफायबरचा हात फिरवावाच लागतो. थांबवायचं सगळं काम बोटांवर येतं. जुन्या माऊसचा सेन्सर काचेवर अडखळू शकतो किंवा माऊस उचलल्यावर लगेच नेम सोडू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट-ऑफ डिस्टन्स (माऊस किती उंच उचलेपर्यंत सेन्सर वाचत राहतो, ते अंतर) १ वरून २ मिमी करून पाहा, तरी उड्या पडत असतील तर तो माऊस काचेसाठी नाही. लॉजिटेकच्या जी ४४० सारखे कडक पॉलिमरचे पॅड काच आणि कापड यांच्या मध्ये बसतात. ते ३४ × २८ सेंमीचे आहेत, म्हणजे वरच्या हिशेबात फक्त जास्त सेन्सिटिव्हिटीवाल्यांना पुरणारे.

कडेची शिलाई टिकाऊपणासाठी चांगली, पण शिलाई पृष्ठभागापेक्षा वर आली असेल तर मनगटाला दिवसभर घासते. फोटोत हे कळत नाही. कडेवरून नख फिरवलं की लगेच कळतं. न शिवलेल्या पॅडचे कोपरे कालांतराने सुटतात आणि धागे निघतात. ते ओढू नका, कात्रीने कापा. पॅडभर चित्र छापलेलं असेल तर आजचे सेन्सर गोंधळत नाहीत, पण जाड शाईचा भाग आणि कोऱ्या कापडाचा भाग यांची चाल कधीकधी वेगळी लागते. साधा काळा पॅड घेण्याचं कारण एवढंच.

गुंडाळून आलेल्या पॅडचे कोपरे वर राहतात. उलट्या बाजूने घट्ट गुंडाळून ते सरळ करायला जाऊ नका, कडक फोमला कायमची घडी पडू शकते. सपाट ठेवून कोपऱ्यांवर दोन दिवस जाड पुस्तकं ठेवली की काम होतं. रबराचा वासही तोवर कमी होतो. पॅड टेबलावर सरकत असेल तर बहुधा तळाला धूळ लागलेली असते. ओल्या फडक्याने तळ आणि टेबल दोन्ही पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच पॅड पसरा.

कापडी पॅड धुवायला कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब आणि मऊ स्पंज पुरे. विणीच्या दिशेने हलकं घासा, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत भरपूर पाण्याखाली धरा. राहिलेला साबण वाळल्यावर चाल आणखी जड करतो आणि मग ‘धुतल्यावर पॅड बिघडला’ अशी ओरड होते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. वॉशिंग मशीन, गरम पाणी, हेअर ड्रायर, कडक ऊन यांनी कापड आणि फोम यांच्यातला गोंद सुटतो आणि पॅडवर फुगे येतात. सावलीत, सपाट, एक ते दोन दिवस. वरून कोरडा वाटला तरी फोममध्ये पाणी असतं, म्हणून तळहाताने जोरात दाबून ओल वर येते का ते पाहा. धुऊनही मधला भाग कडेपेक्षा वेगळा चालत असेल तर वीण झिजली आहे. पॅड १८० अंशांत फिरवला तर मधला भाग मध्येच राहतो. त्याऐवजी तो आठ-दहा सेंमी बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे कमी झिजलेलं कापड माऊसखाली येईल आणि आणखी काही महिने निघतील.